कोट्याची किंमत : पौंडाला सात आणि तीन डॉलर

अमेरिकेत तंबाखूचा भाव सांभाळण्यासाठी 1938 च्या कृषी कायद्याने पिकावर कोटा बसवला. हा कोटा जमिनीला चिकटलेला. त्यामुळे केंटकी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या खेड्यांत कोटा एकाच्या नावावर आणि कसणारा दुसराच, हे सर्रास चाले. शेतकऱ्याची विधवा किंवा शहरात गेलेले वारस घरबसल्या भाडं घेत. बर्ली जातीचं पीक कोठारात आढ्याला टांगून वाळवण्याचा घाम मात्र दुसऱ्याचा.

ऑक्टोबर 2004 मध्ये कायदा करून सरकारने कोटापद्धतच मोडीत काढली. भरपाई ठरली ती अशी : कोटामालकाला पौंडामागे 7 डॉलर, पिकवणाऱ्याला 3, दहा समान वार्षिक हप्त्यांत, 2005 ते 2014. म्हणजे हजार पौंडांच्या मालकाला वर्षाला 700 डॉलर, कसणाऱ्याला 300. कुळापेक्षा मालकाचं पारडं जड. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटू नये! घाई असेल त्याने पुढचे हप्ते बँकेला किंवा वित्तसंस्थेला विकून, कपात सोसून, एकरकमी पैसे उचलावेत अशीही सोय होती.

एकूण खर्च सुमारे 10 अब्ज डॉलर. नावाला सरकारी योजना, पण पैसा सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादनांच्या कंपन्या व आयातदारांकडून वसूल झाला. पैसे घेतले म्हणून तंबाखू सोडण्याची अट नव्हती. कोट्याबरोबर हमीभावही संपल्यावर अनेक छोट्यांनी पीक सोडलं. मोठ्यांनी, कोट्याचं भाडं वाचल्यामुळे, उलट क्षेत्र वाढवलं.