आर्गन वेल्डिंग, भाग ५ : बॅलन्सचं बटण

मागच्या आठवड्यात गॅस आणि टंगस्टन झालं. आज करंटची दिशा. बोर्ली पंचतनच्या बाजारपेठेला दिवेआगर, भरडखोलचा समुद्र जवळ. खाऱ्या दमट हवेत राहिलेलं होडीच्या इंजिनाचं कव्हर असो की दुचाकीच्या क्रँककेसचा तुटलेला कान, अॅल्युमिनियमवर पांढरी बुकी धरलेली असतेच. तिच्याखालचा ऑक्साइडचा पापुद्रा हा खरा अडथळा.

अॅल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना, हा पापुद्रा २,००० अंशांच्याही वर. आतला धातू पातळ झाला तरी वर तो दुधावरच्या सायीसारखा टिकून राहतो आणि फिलर मिसळतच नाही.

स्टीलसारखं डीसीवर, टंगस्टन निगेटिव्हला ठेवून काम केलं, तर उष्णतेचा सुमारे ७० टक्के भाग जॉबवर जातो, पण पापुद्रा हलत नाही. उलट जोडलं, तर जॉबमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, आर्गनचे आयन येऊन आदळतात आणि पापुद्रा फुटतो. मात्र आता ताप टंगस्टनवर येतो. टोक वितळून गोळा होतो. म्हणून एसी, आळीपाळीने दोन्ही.

जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनमध्ये लाइनची ५० हर्ट्झची लाट तशीच येते, वाटणी साधारण निम्मी-निम्मी. सेकंदाला १०० वेळा करंट शून्यावर येतो. आर्क विझू नये म्हणून हाय फ्रिक्वेन्सी सतत लागते. इन्व्हर्टर मशीन आधी डीसी करून मग चौकोनी लाट कापतं, म्हणून वाटणी बटणावर आली.

निगेटिव्ह ७० टक्क्यांपासून सुरुवात करावी. नवा स्वच्छ पत्रा असेल तर ७५, जुनं कास्टिंग असेल तर ६५. काठाला रुंद पांढरा पट्टा उमटला आणि टंगस्टन फुगलं, तर सफाई जास्त झाली. वितळलेल्या धातूत काळे कण तरंगू लागले, तर कमी. पण आकडा वाचण्याआधी मशीनचं पुस्तक बघा : काही कंपन्या निगेटिव्हचे टक्के छापतात, काही सफाईचे. एकीकडचे ७० म्हणजे दुसरीकडचे ३०!

माझं मत विचाराल तर सफाईचं काम बटणावर सोपवणं महाग पडतं. आधी अॅसिटोनने तेल पुसावं, ते पूर्ण वाळू द्यावं, मग स्टेनलेसच्या वेगळ्या ब्रशने घासावं. क्रम उलटला तर ब्रश तेलच आत चोळतो. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर तर अजिबात नको. आर्कपाशी त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो.

मिठाने खड्डे पडलेल्या कास्टिंगला एवढंही पुरत नाही. बटण ६५ वर ठेवून फिलरशिवाय आर्क फिरवावा, छिद्रांतली घाण उकळून वर येऊ द्यावी, ती खरवडून काढावी आणि मगच रॉड हातात घ्यावा.