घोळणा फुटला तर

उन्हाळ्यात प्रार्थनेच्या वेळी एखाद्याचा घोळणा फुटतो (हिंदीत याला नकसीर म्हणतात) आणि सगळे त्याचे डोके मागे करायला धावतात. तसे करू नये. रक्त घशात उतरते. मुलाला बसवून पुढे वाकवावे, नाकाचा मऊ भाग १० मिनिटे न सोडता दाबून धरावा. बहुधा तेवढ्याने भागते.

पण वयात येणाऱ्या मुलाची एकच नाकपुडी सतत बंद असेल आणि तिथूनच वारंवार, न दुखता, भळभळ रक्त येत असेल, तर उन्हाला दोष देत बसू नका. क्वचित नाकाच्या मागे रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ, अँजिओफायब्रोमा, निघते. तीही जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच. हा कॅन्सर नव्हे, तरी ती वाढत डोळ्यापर्यंत, कवटीपर्यंत जाते. तपासणीसाठी तुकडा काढला तर रक्त आवरत नाही, म्हणून सीटी स्कॅन आणि एमआरआयवरून निदान करतात. शस्त्रक्रियेच्या एकदोन दिवस आधी बहुधा गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात. ती पुन्हाही होते, त्यामुळे नंतरच्या तपासण्या चुकवू नयेत.

रक्ताचा रुमाल दप्तरात दडवणारी मुले आम्ही पाहिली आहेत. पालकहो, घरी एकदा विचारा.