बारा महिने शनिवार

येत्या डिसेंबरात भंडारदऱ्याच्या धरणाला शंभर वर्षं पुरी होतील. पुरवण्या निघतील, ड्रोनने टिपलेले हिरवेगार फोटो छापून येतील आणि ‘सह्याद्रीच्या कुशीतला स्वर्ग’ हा मथळा कुणीतरी पुन्हा देईलच. त्या गलबल्यात माझं म्हणणं बुडण्याआधी ते मांडून घेतो. गेल्या वर्षी जूनमधल्या एका शनिवारी रात्री शेंडीच्या पुढे गाडीत अडकून पडलो होतो. पुढेमागे पुण्या-मुंबईच्या गाड्या, सगळ्यांचे हेडलाइट चालू आणि सगळे निघालेले काजवे बघायला. काजवा हा अंधारात दिसणारा किडा आहे, एवढं तरी शाळेत शिकवत असतील असा माझा समज होता.

पहिली साठ-सत्तर वर्षं मी भराभर उरकतो, कारण त्यात माझा जीव रमत नाही. १९१० साली काम सुरू झालं. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी उद्घाटन केलं आणि धरणाला त्यांचं नाव मिळालं. मागच्या पाण्याला म्हणायचे आर्थर लेक. (अलीकडे जलाशयाला राघोजी भांगरे यांचं नाव दिलं. उशिरा झालं, पण योग्य झालं. राघोजी याच मुलखातले, देवगावचे. इंग्रजांनी १८४८ साली त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली.) दगडी बांधकाम, उंची २७० फूट, साठा अकरा टीएमसी. पाणी प्रवरेतून खाली संगमनेर-श्रीरामपूरकडे गेलं, कालव्यांवर ऊस उभा राहिला, उसावर साखर कारखाने आणि कारखान्यांवर राजकारण. वरच्या खोऱ्यातल्या महादेव कोळी आणि ठाकरांच्या वस्त्यांच्या वाट्याला काय आलं, यावर पुरवण्या निघाल्याचं मला आठवत नाही. मग १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. पाणी इरिगेशनचं, जंगल फॉरेस्टचं, गावाकडे वरकस जमीन आणि धो धो पाऊस.

माझं भंडारदरा सुरू होतं ते नव्वदच्या आसपास आणि ते दहा वर्षं टिकलं. आम्ही नाशिकची पोरं. एसटीने घोटी, घोटीहून मिळेल त्या गाडीने बारीवरून शेंडी. आमच्याकडे एकच तंबू होता, देवळाली कॅम्पात कुणाकडून तरी पैदा केलेला, मिलिटरी वापरातला जाड कॅनव्हास. कोरडा असताना तो एकट्याला पाठीवर घेववत नसे, आणि भिजला की दोघांनाही आवरत नसे. त्याची एक खोड होती. बाहेरून कितीही पाऊस पडो, आत थेंब यायचा नाही; पण आतून कुणी ओल्या कापडाला बोट लावलं की बरोबर त्या जागेतून गळायला सुरुवात व्हायची आणि मग रात्रभर थांबायची नाही. झोपेत हात वर करणारा एक मित्र आमच्यात होता. त्याला दाराशी झोपवायचा ठरावच झाला होता. तंबूभोवती चर खणायचा, चराला उताराकडे तोंड द्यायचं, खुंटी तिरपी ठोकायची, हे सगळं आम्ही त्या एका तंबूवर शिकलो.

जागा मात्र आम्ही ठरवत नव्हतो. मुरशेत, पांजरे, उडदावणे, कोलटेंभे, कुठेही उतरलं तरी गावातला एखादा म्हातारा बांधावरून बघत असायचा. “पोरांनो, तिथं नका टाकू. रातच्याला पाणी वर येतं.” आम्हाला पटायचं नाही, कारण पाणी चांगलं दूर दिसायचं. जुलैत घाटघरकडे पाऊस लागला की हे पाणी रातोरात किती सरकतं, ते पहाटे पायाखाली ओलं लागल्यावरच कळतं. धरण पंधरा ऑगस्टपर्यंत भरणार का, ही तिकडची नेहमीची चर्चा. मे महिन्यात उलट. पाणी खाली खाली जाई, काठाला एकाखाली एक रेघा उमटत आणि उघड्या पडलेल्या गाळावर लोक गाळपेर करत. म्हणजे ज्याला आज ‘लेक-टच’ म्हणून जास्त भाडं लावतात तो काठ मुळात एका जागी राहतच नाही. म्हाताऱ्याला हे माहीत होतं. वेबसाइटवाल्याला माहीत असण्याचं कारण नाही.

पावसाळ्यात तंबू उभारणं हा शुद्ध हट्ट होता. दोन-तीनदा फजिती झाल्यावर आम्ही शाळेची पडवी किंवा कुणाचीतरी ओसरी धरू लागलो. शेंडीहून रतनवाडीला लाँच जायची. माणसं पुरेशी जमली तर सुटायची, नाहीतर आपण काठावर बसून राहायचं. तिच्यातून पलीकडे उतरलं की अमृतेश्वराचं काळ्या दगडातलं देऊळ, त्याच्या अलीकडे पुष्करणी आणि वर ढगात गेलेला रतनगड. रतनवाडीत एका घरी आम्ही जायचो. तिथल्या मावशी चुलीपुढे बसून नागलीच्या भाकरी थापायच्या आणि आमचे ओले कपडे आढ्याच्या दांडीवर धुरात टांगून ठेवायच्या. नाशिकला परत आल्यावर आठवडाभर शर्टाला तो धुराचा वास असायचा. पैसे द्यायला गेलं की त्या घ्यायच्या नाहीत. तेल, चहापत्ती, पोरांना वह्या असं काही नेलं तर घ्यायच्या. पौषात तर काठावर कुत्रंसुद्धा नसे. सकाळी पाण्यावर धुकं इतकं दाट, की डिक्सीतला चहा तंबूपर्यंत नेणारा वाट चुकायचा.

आणि काजवे. मे संपत आला, वळवाचे दोन शिंतोडे पडले की सादड्यावर, हिरड्या-बेहड्यावर, जांभळीवर ते चढायचे. एक अख्खं झाड पेटायचं, विझायचं. मग शेजारचं त्याला उत्तर दिल्यासारखं पेटायचं. गावाला त्याचं अप्रूप नव्हतं. काजवा आला म्हणजे पाऊस आला, भाताच्या रोपाची तयारी करा, एवढाच त्याचा अर्थ. आम्हाला ते दाखवायला आलेला मुलगा पाच मिनिटांत कंटाळून घरी निघून गेला होता.

२००० नंतरची दहा-बारा वर्षं मी अधूनमधून गेलो, पण त्यात सांगण्यासारखं फार नाही. रस्ते झाले. घाटघरला उदंचनाचा अडीचशे मेगावॅटचा वीजप्रकल्प झाला. साम्रदची सांदण दरी लोकांना ‘सापडली’, म्हणजे साम्रदच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली भेग शहरातल्यांना कळली. याच काळात आमच्यातलाच एकजण ट्रेक काढू लागला. नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात होईल. सह्याद्रीत दहापेक्षा जास्त माणसं नेऊ नयेत यावर आम्हाला तासन्‌तास व्याख्यान देणारा हा गृहस्थ पुढे सांदणमध्ये एका दिवशी दोन बसगाड्या उतरवू लागला. विचारलं तर म्हणाला, मी नाही नेले तर दुसरा नेईल. हे वाक्य नंतर मी पंचवीस जणांकडून ऐकलं, पण पहिल्यांदा त्याच्याकडून ऐकलं म्हणून राग त्याच्यावर आहे.

दुसरा राग फोटोवाल्यांवर. काजव्यांनी गच्च भरलेलं जंगल, हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांचा समुद्र, असे फोटो तुम्हीही पाहिले असतील. त्यासाठी कॅमेरा एका जागी रोवून एकामागून एक फ्रेम घ्यायच्या आणि घरी येऊन शे-दोनशे फ्रेम एकमेकींवर चढवायच्या. त्यात खोटं काही नाही असं ते म्हणतात, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही असेल. पण तो फोटो बघून आलेला माणूस झाडाखाली उभा राहून “एवढेच?” म्हणतो, मग जवळून बघायला बॅटरी लावतो, मग झाडीत शिरतो. काजव्याची अळी ओल्या पाचोळ्यात गोगलगायी खाऊन मोठी होते, आणि पंख फुटल्यावर त्याच्या हाती उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, आणि शोधायचा तो उजेडाच्या खुणेवर. मादी बहुधा खाली गवता-झुडपात बसलेली. तिथेच आपण बूट घालून उभे, मागे गाडीचे दिवे. वनखातं आता रात्रीच्या गाड्यांना वेळेचं बंधन घालतं, बॅटऱ्यांना मनाई करतं, नाक्यावर पावती फाडतं. पावती मात्र नेमाने फाडली जाते.

२०२०च्या टाळेबंदीनंतर जे झालं ते पवना, मुळशी, भंडारदरा सगळीकडे एकाच साच्यातलं. घरात कोंडलेली माणसं सुटली ती थेट पाण्याच्या काठी. नायलॉनचे निळे-नारिंगी तंबू रांगेत लागले, आत गादी आणि चार्जिंगचा पॉइंट, बाहेर बार्बेक्यू, संध्याकाळी स्पीकर. खुंट्या ठोकायला माणूस, चर खणायचा प्रश्न नाही, जेवण साडेआठला. आता वर्षाचेही तुकडे पाडून ठेवलेत: जूनमध्ये काजवे, जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे, सप्टेंबरात फुलं, हिवाळ्यात ‘स्टारगेझिंग’, उन्हाळ्यात ‘समर कॅम्प’. बाराही महिने शनिवार. पौषातला तो रिकामा काठ कुणालाच नको आहे, कारण त्याचं पॅकेज होत नाही. आणि तारे बघायला आलेल्यांसाठी झाडांना दिव्यांच्या माळा लावून ठेवतात, यावर हसावं की रडावं ते कळत नाही.

यावर पांजऱ्यातला एक गडी मला जे म्हणाला ते इथे लिहिलं पाहिजे. लहानपणी तो आमच्या तंबूपाशी दूध घेऊन यायचा. आता स्वतःच्या जमिनीवर दहा तंबू लावतो. मी जुन्या दिवसांचं कौतुक सांगत होतो. तो ऐकून घेऊन म्हणाला, “तुमचं बरं व्हतं, काका. आमी आवणी झाली का नारायणगावला जायचो, रोजानं टमाटे खुडायला. दिवाळीलाबी घरी नसायचो. आता पोरं हितंच हायेत.” मला त्या वेळी ते दिसलं नव्हतं, कारण आम्ही जायचो तेव्हा भेटायचे ते गावात उरलेले म्हातारे आणि मुलं. धरणाचं पाणी खाली गेलं, त्याचा पैसा खाली झाला. या काठाने वरच्या गावांना पैसा दिला तो या तंबूंनीच. त्याच्या दहा तंबूंबद्दल माझी तक्रार नाही. तो रात्री दहाला स्पीकर बंद करतो, आणि पाणी कुठवर चढेल हे त्याला न विचारता कळतं.

माझी तक्रार त्याच्या पलीकडच्या पट्ट्याबद्दल आहे. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सहजासहजी विकता येत नाही, कायदाच आहे. म्हणून सातबाऱ्यावर गावातलं नाव, बाहेर फाटकावर शहरातल्या कंपनीचं नाव, आणि मधल्या कागदात काय लिहिलंय ते जमीनवाल्यालाही धड सांगता येत नाही. त्या पट्ट्यावर पन्नासेक तंबू, शनिवारी माणशी पंधराशे. जेवणाच्या मांडवामागे एक विशीतला पोरगा ताटं विसळत होता. जमीन कुणाची म्हणून त्याला विचारलं, तर म्हणाला, “आमचीच.” रोज किती मिळतो विचारलं तेवढ्यात टी-शर्टवर कंपनीचं नाव असलेला मॅनेजर आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “सर, तुमचं बुकिंग आहे का?”