भंगारात गेलेला वायफायचा पासवर्ड

कर्जत-खालापूरकडे फार्महाऊस वाढली, तसे कॅमेरे, राउटर आणि स्मार्ट बल्बही वाढले. मालक मुंबईत, घर आठवडाभर बंद, भिस्त कॅमेऱ्यावर. पावसाळ्यात ओल शिरून तो बंद पडला की किलोच्या भावाने भंगारात जातो. पण मेलेल्या यंत्रात काय उरणार? बरंच काही. अनेकदा जळतो तो वीजपुरवठ्याचा भाग. बोर्डावरची नखाएवढी मेमरी चिप शाबूत असते आणि वीज नसतानाही वायफायचं नाव, पासवर्ड धरून ठेवते. 2019 मध्ये एका संशोधकाने लिफएक्स कंपनीचा स्मार्ट बल्ब फोडला, तर पासवर्ड साध्या अक्षरांत मिळाला. 2021 मध्ये अमेरिकेच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी 86 जुने इको डॉट स्मार्ट स्पीकर घेतले. त्यातले 61 टक्के रीसेटच केलेले नव्हते. आणि रीसेट केल्यावरही माहिती परत काढता येत होती, कारण अशी चिप नवं लिहिते ते दुसऱ्या जागी, जुनं लगेच पुसत नाही.

कुणी म्हणेल, इथला भंगारवाला चिप थोडीच वाचणार? बरोबर, पण माल त्याच्याकडे थांबत नाही, आणि राउटरच्या पोटावरचा पासवर्डचा स्टिकर तर कुणीही वाचेल. पासवर्ड वापरायला वायफायच्या टप्प्यात यावं लागतं हेही खरं. पण बंद बंगल्याच्या कुंपणाशी उभं राहणाऱ्याला हटकणार कोण? म्हणून नुसत्या रीसेटवर थांबू नका. मेमरी कार्ड काढा, अ‍ॅपमधून ते यंत्र हटवा आणि मुख्य म्हणजे घरच्या वायफायचा पासवर्डच बदला. मग चिपमधला जुना पासवर्ड कुणाला सापडला, तरी त्याने दार उघडत नाही.