छोट्या उपग्रहाचा डोळा

कोकणातल्या अलोऱ्यातून पूर्वेला पाहिलं की सह्याद्री आडवा येतो. कुंभार्ली घाटाच्या बाजूने येणारा उपग्रह डोंगराच्या वर आल्याशिवाय त्याचा सिग्नल मिळत नाही. उपग्रह आकाशातून जातो त्या दहा-बारा मिनिटांच्या पासमधली सुरुवातीची मिनिटं अशी वाया जातात. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या उपग्रहांवर कॅमेरे आले त्याला चाळीस वर्षं उलटली. त्या साऱ्या काळात कॅमेरा कोणता घ्यायचा हे भिंगापेक्षा या मिनिटांनीच जास्त ठरवलं.

इंग्लंडच्या सरे विद्यापीठाचा यूओसॅट-१ ऑक्टोबर १९८१ मध्ये अवकाशात गेला. त्यावरच्या सीसीडी कॅमेऱ्याचं चित्र २५६ गुणिले २५६ ठिपक्यांचं होतं. जून २००३ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा किलोभर वजनाचा, दहा सेंटिमीटरचा एक्सआय-४ गेला. त्यात बाजारात मिळणारे सुटे भाग होते आणि कॅमेराही होता. हा उपग्रह पुढे कित्येक वर्षं फोटो पाठवत राहिला.

आता हिशेब बघा. ६४० गुणिले ४८० चा रंगीत फोटो जसाच्या तसा ठेवला तर नऊ लाख एकवीस हजार बाइट होतात. सेकंदाला १२०० बिटच्या वेगाने तो उतरवायला १०२ मिनिटं लागतात, म्हणजे पृथ्वीच्या एका प्रदक्षिणेपेक्षाही जास्त. तोच जेपेगमध्ये दाबून वीस किलोबाइटचा केला की सव्वादोन मिनिटांत हाती येतो. म्हणून स्वतःच जेपेग बनवणारं साधं मोड्यूल मला महागड्या सेन्सरपेक्षा केव्हाही सरस वाटतं.

मोड्यूल आणलं म्हणजे काम संपलं असं नाही. रॉकेटच्या हादऱ्यांनी भिंगाचे आटे फिरतात, म्हणून फोकस जमला की ते चिकटवून टाकावे लागतात. पण त्या गोंदाची वाफ निर्वातात भिंगावरच बसू शकते, तेव्हा गोंदही पारखून घ्यावा लागतो. शिवाय कॅमेऱ्याचं घड्याळ २४ मेगाहर्ट्झचं असेल तर त्याची सहापट १४४ मेगाहर्ट्झवर येते, म्हणजे थेट हॅमच्या पट्ट्याच्या तोंडाशी. अशा वेळी केबलला नीट शिल्डिंग हवंच.

आपल्याकडे २००५ मध्ये हॅमसॅट हा हॅम मंडळींसाठीचा उपग्रह अवकाशात गेला. २२ जून २०१६ ला पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ गेला. किलोभर वजनाचा हा उपग्रह हॅमचे निरोप पोचवण्यासाठी होता. त्याला दिशा द्यायला आतमध्ये चुंबक होता, मोटर नव्हती. मला ‘स्वयम्’ची ही रचना फार आवडते, पण कॅमेऱ्यासाठी ती अवघड आहे. चुंबक पृथ्वीच्या क्षेत्ररेषेला धरून राहतो. युरोपवर त्या रेषा खाली झुकतात, त्यामुळे चुंबकाच्या टोकाला बसवलेला कॅमेरा जमिनीकडे बघतो. कोकणावर मात्र त्या बऱ्याच आडव्या असतात. तोच कॅमेरा इथे क्षितिजाकडे तोंड करून राहील.

म्हणून पुढचा उपग्रह बनवणाऱ्या मुलांनी कॅमेरा बाजूच्या फळीवर बसवावा. उपग्रह चुंबकाच्या अक्षाभोवती फिरत राहील, बरेच फोटो काळ्या आकाशाचे निघतील. तेव्हा आधी नखाएवढे नमुने उतरवून घ्यायचे आणि त्यातला चांगला तेवढा पूर्ण मागवायचा. पाचशे किलोमीटरवरून, पंचेचाळीस अंशांच्या भिंगातून एका ठिपक्यात साधारण साडेसहाशे मीटर मावतात. समुद्रापासून घाटापर्यंतचं कोकण सत्तर-ऐंशी ठिपक्यांत बसेल, घाटामागचा शिवसागर जलाशयही ओळखू येईल. मात्र पावसाळ्यात ढगांशिवाय काही दिसणार नाही. चित्रं घ्यायची ती नोव्हेंबरनंतरच.