नखाला ‘व्ही’ कापून काही होत नाही

या पावसाळ्यात दवाखान्यात तिसऱ्यांदा तेच पाहिलं. पोलीस भरतीसाठी रोज धावणारा मुलगा. मोजा अंगठ्याला रक्ताने चिकटलेला, पाण्याने भिजवून सोडवावा लागला. नखाच्या कडेवर लालबुंद मांस चढलेलं, हात लावू देईना. आणि नखाच्या टोकाला, बरोबर मधोमध, इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच. “मधे खाच पाडली की नख मधे ओढलं जातं आणि कडा सुटतात, असं मैदानावरचे दादा म्हणाले.”

नाही ओढलं जात! नख हे केसासारखंच मेलेलं केराटिन. ते तयार होतं मुळाशी, कातडीखाली. टोकाला तुम्ही काय कापलंत हे त्या मुळाला कळणार कसं? पटत नसेल तर खाचेवरच लक्ष ठेवा. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. खाच भरून येत नाही, आहे तेवढीच रुंद राहून पुढे सरकते आणि शेवटी नेलकटरखाली जाते. कडा जिथे रुतल्या होत्या तिथेच. मला राग येतो तो एवढ्यासाठी की या खाचेच्या भरवशावर पोरं महिना महिना दुखणं काढतात.

खरं कारण बहुतेकदा कोपऱ्यात असतं. नख गोलाकार, खोल कापलं की कोपऱ्यात आत एक टोक राहतं. घट्ट बूट ते मांसात दाबतो. या मुलाच्या नखाची कडेची पट्टी बोट बधिर करून काढली, तेव्हा तिच्या टोकाला गळासारखा काटा होता. दुखलं की तो कोपरा आणखी खोल कापायचा, दोन दिवस बरं वाटायचं, आणि काटा आणखी आत तयार व्हायचा.

सुरुवातीलाच लक्षात आलं तर पाय दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवावा, कापसाची बारीक वात कोपऱ्याखाली सरकवावी, ती रोज बदलावी, मोकळी चप्पल घालावी. पू झाला किंवा मांस वाढलं तर डॉक्टर. मधुमेह असेल तर घरी काहीच करू नये, लगेच दाखवावं. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला जखम कळत नाही.

‘अख्खं नख काढलं की कटकट कायमची मिटते’ हेही चूक. मूळ शाबूत असेल तर नख परत येतं, पुष्कळदा रुततंही. म्हणून फक्त रुतलेली पट्टी काढून तेवढंच मूळ फिनॉल या रसायनाने जाळतात. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२च्या आढाव्यात २४ अभ्यास आणि २,८२६ रुग्ण होते. नुसतं नख काढण्यापेक्षा फिनॉल लावल्यावर ते पुन्हा रुतण्याचं प्रमाण कमी आढळलं. शस्त्रक्रियेनंतरच्या अँटिबायोटिकांनी संसर्ग कमी झाल्याचं मात्र दिसलं नाही. आणि आधी नुसत्याच गोळ्या खाल्ल्या, तरी काटा आतच राहतो.

लिंबात बोट खुपसणं हा हाताच्या नखुरड्यावरचा घरगुती उपाय. तो इथे फक्त झोंबतो. चुना लावला तर कातडी भाजते.

निघताना मुलाने दुसरा पाय पुढे केला. त्या अंगठ्यालाही खाच, ‘तिकडे होऊ नये म्हणून’. त्याला म्हटलं, खाच राहू दे, कोपऱ्यांना मात्र हात लावू नकोस. ते वाढून कातडीच्या पुढे आले की नख सरळ रेषेत काप.