चौकट : एअर जॉर्डन ३, तेव्हाचा आणि आताचा

टिंकर हॅटफिल्ड यांनी डिझाइन केलेला हा बूट १९८८चा. त्याच वर्षी शिकागोच्या स्लॅम डंक स्पर्धेत मायकल जॉर्डनने फ्री थ्रोच्या रेषेवरून झेप घेतली, तेव्हा त्याच्या पायात यातलाच पांढरा ‘व्हाइट सिमेंट’ जोड होता.

मार्च २०२३मधली ‘रीइमॅजिन्ड’ आवृत्ती त्याच जोडाची नक्कल आहे, पण नक्कल केली आहे ती म्हाताऱ्या झालेल्या जोडाची. मधला सोल आणि टाचेवरचं प्लॅस्टिक मुद्दाम पिवळसर, कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिल्यासारखं. नवा बूट जुना दिसावा म्हणून जादा पैसे मोजायचे, हे आमच्या आजीला पटलं नसतं!

खरी ओळख मात्र टाचेवर. मूळ बुटावर तिथे ‘नाइकी एअर’ ही अक्षरं होती. २००३ आणि २०११च्या पुनरावृत्त्यांत ती जाऊन उडी मारणारा ‘जंपमन’ आला, त्यामुळे शौकीन खट्टू झाले. २०१३मध्ये अक्षरं परतली. २०२३मध्येही ती आहेत.

मग मूळ जोडच का घालू नये? कारण त्याचा मधला सोल पॉलियुरेथेनचा. हवेतल्या ओलाव्याने या फोमची रासायनिक वीण उसवत जाते. वरचं चामडं धडधाकट दिसतं, पण चार पावलं टाकताच खालून भुगा पडतो. बूट डब्यात जपून ठेवला तरी हे टळत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर विचारूच नका.